एकशेआठच्या पुढची फेरी

राघवेंद्र साहेब कोटबागेच्या दिंडीतून वाकून आत आले तेव्हा पद्मजाबाईंची अठ्ठ्याहत्तरावी प्रदक्षिणा चालू होती. साहेबांच्या काखेत फाइल, एका हातात नवंकोरं कुलूप, खिशाला दोन पेनं. दिंडीबाहेर पिवळा जेसीबी घरघर करत उभा. आणि आत, औदुंबराभोवतीच्या फरसबंद वाटेवरून, डोक्यावर पदर घेतलेल्या पद्मजाबाई दर फेरीला परडीतलं एक प्राजक्ताचं फूल बुंध्याशी ठेवत आपल्या चालीनं चालल्या होत्या.

"नमस्कार री, अक्कावरे," साहेब कन्नडमध्ये म्हणाले.

उत्तर आलं नाही. साहेबांनी मराठीत नमस्कार केला. मग असावा म्हणून हिंदीतही एक केला. पद्मजाबाई तिन्ही भाषांत गप्प राहिल्या.

त्यात आकस काही नव्हता. चातुर्मास लागला की त्या एखादा नेम धरत. एका वर्षी मीठ सोडलं होतं, एका वर्षी पानात वाढलेलं मागून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं आणि चार महिने बिनचटणीचं जेवल्या होत्या. यंदा नेम होता तो कोटबागेतल्या औदुंबराला रोज एकशेआठ प्रदक्षिणा घालायचा, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. घरून निघतानाच एकशेआठ फुलं मोजून परडीत घालायची. परडी रिकामी झाली की मौन सुटलं.

साहेब आंबेडोहच्या पट्टण पंचायतीचे मुख्याधिकारी. निपाणीपासून सात मैलांवरचं हे गाव, आणि गावाच्या मधोमध जुन्या देसायांची ही कोटबाग. दोन पुरुष उंचीची दगडी भिंत, भिंतीत दिव्यांचे कोनाडे, पायऱ्यांची विहीर, दगडात कोरलेले पाण्याचे पाट. तीस वर्षं तिथं फुटक्या बाटल्या, तंबाखूच्या काड्या आणि घाणेरीचं रान माजलं होतं. दीड वर्षापूर्वी गावातल्या काही मंडळींनी दर रविवारी श्रमदान सुरू केलं. रान तोडलं, विहीर उपसली, तेव्हा कचऱ्याखाली औदुंबराचा पार सापडला. आता सकाळी म्हातारी माणसं फिरायला येत, उन्हं चढली की विड्या वळणाऱ्या बायका सुपं घेऊन सावलीला बसत, संध्याकाळी पोरं हुंदडत. आणि एवढी साफसूफ झाल्यावर पंचायतीच्या लक्षात आलं की जागा फार मोक्याची आहे. पूर्वेची भिंत पाडली तर रस्त्याला लागून गाळे निघतील.

साहेब मुद्दामच सकाळी आठला आले होते. ताबा घ्यायचा तर बाग समितीच्या एका पदाधिकाऱ्याची सही हवी होती. अध्यक्ष चिंतामणी सर म्हणजे निवृत्त शिक्षक. एका ओळीच्या नोटिशीला अकरा पानी उत्तर देणारा माणूस. पण चिटणीस पद्मजाबाई मऊ आहेत, कागद पुढं धरला की सही करतात, असं साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं.

सांगणाऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं. पद्मजाबाईंना उभ्या जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. दारावर आलेल्या विक्रेत्यांमुळं घरात पाच कुकर होते. चार मंडळांच्या त्या चिटणीस होत्या, कारण चारही सभांत त्यांच्याकडं बघून कुणीतरी "तुम्हीच व्हा की" म्हणालं होतं. एकदा शेजारीण म्हणाली, चला माझ्या सोबतीला. त्या रेल्वेनं लोंढ्यापर्यंत गेल्या. शेजारीण खानापुरातच उतरली होती, पण समोरच्या बाकावरची अनोळखी बाई म्हणाली, "मला लोंढ्यापर्यंत सोबत होईल," आणि पद्मजाबाई म्हणाल्या, "बरं."

हा "बरं" आज गावाला महागात पडणार होता. चिंतामणी सरांच्या अर्जावरून पुरातत्त्व खात्याची माणसं दिवाळीनंतरच्या आठवड्यात पाहणीला यायची होती. तोवर भिंत उभी राहिली तर बाग नोंदली जाणार आणि मग तिला कुणाचं बोट लागणार नव्हतं. आज सही झाली तर पाहणीला गाळेच दिसणार.

वांग्याच्या वाफ्याला पाणी घालत असलेल्या रुक्माबाई लुगड्याला हात पुसत पुढं आल्या. विड्या वळायला बसण्याआधी तासभर त्या रोज बागेत येत.

"सायेब, बाईंचं मौन हाय. फेऱ्या पुऱ्या झाल्याबगर बोलायच्या न्हाईत."

"किती राहिल्यात?"

"परडी बघा की. जेवढी फुलं तेवढ्या फेऱ्या."

पद्मजाबाई जवळून जाताना साहेबांनी परडीत डोकावलं. "तीसेक असतील."

"मग बसा अर्धा घंटा. च्या आणू?"

राघवेंद्र साहेब मूळचे गोकाककडचे, माणूस सालस. व्रतस्थ बाईला अडवणं त्यांच्या जिवाला रुचेना. ते विहिरीच्या कठड्यावर बसले, चहा प्यायले आणि फुलं मोजू लागले.

फुलं पद्मजाबाईही मोजत होत्या. एरवी शेवटची तीस फुलं म्हणजे सुटकेचा रस्ता. आज प्रत्येक फुलागणिक ते पेन एक पाऊल जवळ येत होतं. फेरीत समोर एकदा विहीर येई, एकदा पूर्वेची भिंत. तिच्या दगडांत तेरडा फुलला होता. त्या भिंतीचा शेवटचा कोनाडा त्यांनी स्वतः खराट्याच्या काडीनं कोरून साफ केला होता, आठ रविवार. शंभर. एकशे चार. एकशे सात.

एकशेआठावं फूल बुंध्याशी ठेवून त्या उभ्या राहिल्या. साहेब उठले, पेनाचं टोपण काढलं, आणि कागद पुढं धरून अदबीनं म्हणाले, "अक्का, इथं एक सही."

पद्मजाबाईंच्या ओठांवर "बरं" आपणहून येऊन बसला. साठ वर्षांची सवय. त्याला बोलवावं लागत नव्हतं. तोंड उघडलं की तोच बाहेर पडणार हे त्यांना स्वच्छ दिसलं. आणि मग त्यांच्या तोंडानं काही करायच्या आत त्यांच्या पायांनी केलं. उजवा पाय पुढं पडला, मागोमाग डावा, आणि बाई एकशेनवव्या फेरीला लागल्या.

साहेब पेन धरून तसेच उभे.

रुक्माबाईंनी रिकामी परडी पाहिली, बाईंचा चेहरा पाहिला. दीड वर्ष शेजारी शेजारी तण उपटलेल्या बायकांना एकमेकींचं फार बोलावं लागत नाही. त्या भिंतीपाशी गेल्या, ओटीभर तेरडा खुडला आणि पद्मजाबाई पुढून जाताना परडीत ओतला.

"अहो, परडी रिकामी झाली होती की," साहेब म्हणाले.

"कुठं? भरलीया बघा."

"ती प्राजक्ताची झाली होती. हा तेरडा आहे."

"पराजक्ताच्या झाल्या, आता तेरड्याच्या. दोन फुलांचा नेम हाय त्यो."

"असा कुठं नेम असतो?"

"तुमच्यात नसंल. आमच्यात असतोय." रुक्माबाईंनी थाप मारली खरी, पण मारताना दोन्ही हात औदुंबराला जोडलेले होते.

पद्मजाबाईंनी हे ऐकलं. खोटं त्या बोलत नव्हत्या, बोलतच नव्हत्या, पण खोट्याच्या मागून चालत तर होत्याच. त्यांनी मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं. महाराज, एकशेआठापेक्षा कमी चालत नाहीत हे पोथीत आहे. जास्त चालत नाहीत असं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. चुकत असेन तर पाय अडखळू दे.

पाय अडखळले नाहीत. उलट शंभरीनंतर रोज कुरकुरणारा डावा गुडघासुद्धा आज मुकाट होता.

आता साहेब काही बसून राहीनात. बाई थांबत नाहीत तर आपण चालावं, चालता चालता नोटीस वाचून दाखवावी, म्हणजे कायदा पुरा होईल, असं त्यांनी ठरवलं आणि फरशीवर पाय ठेवला.

"सायेब, बूट," रुक्माबाई म्हणाल्या.

"काय?"

"देवाच्या वाटंवर बूट घालून चालताय व्हय?"

साहेबांनी बूट काढले, मोजे काढले. समोरून गाठ पडावी म्हणून ते उलट्या बाजूनं निघाले. एव्हाना सकाळच्या फिरण्याला आलेली चार-पाच म्हातारी माणसं पाराजवळ जमली होती. त्यांनी एकदम गलका केला.

"उलटी फेरी नको साहेब. घरच्यांवर येतं ते."

"पोराबाळांचे धनी तुम्ही. सरळ चाला."

साहेबांना दोन मुली होत्या. ते चटकन वळले. आता बाई पुढं आणि ते मागं. पुढं जाऊन बाईंना आडवं व्हावं, तर व्रतस्थाची वाट कापणं ठीक नाही. हात धरून थांबवावं, तर तो विचारही मनात आणण्यासारखा नव्हता. राहता राहिलं मागून चालणं. साहेबांनी दोन्ही हातांनी कागद छातीशी धरला आणि वाचायला सुरुवात केली.

"विषय: सर्वे नंबर एकशे चौदामधील पूर्वेकडील भिंत..."

फेरी.

"संदर्भ: दिनांक..."

फेरी. नोटीस तीन पानी होती. कन्नडमध्ये एकदा झाली, मग मराठीत अर्थ सांगून झाला. पद्मजाबाई दर फेरीला तेरड्याचं एक फूल ठेवत होत्या. मागून येणाऱ्या आवाजाची त्यांना हळूहळू सवय झाली, कीर्तनात मागं टाळकरी असावा तशी.

जेसीबीवाला यल्लाप्पा बाहेर कंटाळून आत आला. आतला देखावा बघून त्यानं टोपी काढली.

"यल्लाप्पा," साहेब चालता चालताच म्हणाले, "तू मशीन आण बाहेरच्या बाजूनं. भिंतीला लाव. सहीचं बघतो मी."

"न्हाय जमत, साहेब."

"का?"

"आत प्रदक्षिणा चालू हाय. गेल्या साली मारुतीच्या पाराजवळ आरती चालू असताना मशीन चालू केलतं. पाइप फुटून सगळं तेल माझ्याच अंगावर. बायकोनं दोन दिवस घरात घेतलं न्हाई." यल्लाप्पानं तिथूनच पाराला नमस्कार केला. "तुमच्या फेऱ्या होऊ द्यात. पण धा वाजता मी निघणार. कोगनोळीला चर खणायची हाय."

"माझ्या कसल्या फेऱ्या? मी नोटीस वाचतोय."

"व्हय साहेब," यल्लाप्पा समजुतीनं म्हणाला. "वाचा, वाचा. ज्याचा त्याचा मंत्र असतोय."

म्हातारी माणसं एवढा वेळ नुसती बघत होती. मुख्याधिकारी अनवाणी चालताहेत आणि आपण उभे, हे त्यांना बरं दिसेना. एकेक करून तीही मागं लागली. त्यांच्या मागं विड्या वळणाऱ्या बायका आल्या, सुपं पारावर ठेवून. साडेनऊच्या सुमारास पुढं पद्मजाबाई, त्यांच्या मागं नोटीस हातात धरलेले साहेब आणि साहेबांच्या मागं वीस-बावीस माणसांची रांग अशी पालखीच निघाली. साहेबांना आता बाहेरही पडता येईना; मागच्यांच्या रेट्यात थांबणं शक्य नव्हतं.

अशा वेळी चिंतामणी सर धापा टाकत दिंडीतून आत शिरले. जेसीबी आल्याचं त्यांना दूधवाल्याकडून कळलं होतं. काखेत अकरा पानी अर्जाच्या तीन प्रती होत्या, तोंडात कलमं आणि पोटकलमं तयार होती. समोर पाहिलं तर मुख्याधिकारी अनवाणी, मान खाली, दोन्ही हात छातीशी, ओठ पुटपुटताहेत, औदुंबराला प्रदक्षिणा घालताहेत.

सर पंचवीस वर्षं मूल्यशिक्षण शिकवलेले गृहस्थ. माणसाला उपरती होऊ शकते यावर त्यांचा विश्वास होता, फक्त पाहायचा योग आला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मोबाइल काढला, फोटो घेतला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला: "कोटबागेत माननीय मुख्याधिकारी साहेबांची सेवा. जनतेच्या भावनांचा विजय."

"सर, फोटो कसला काढताय?" साहेब समोरून जाताना म्हणाले.

"तुमच्या मनाचा मोठेपणा आहे, साहेब."

"अहो, मी भिंत पाडायला..."

"बोलू नका. फेरीत बोलू नये," सर म्हणाले, आणि साहेब पलीकडं गेले.

पुढच्या चार फेऱ्यांत साहेबांच्या खिशातला फोन सात वेळा वाजला. आठव्यांदा त्यांनी तो घेतला. हातात कागद असल्यानं फोन स्पीकरवर लागला, आणि गोकाकहून त्यांच्या आईचा आवाज सगळ्या बागेनं ऐकला. म्हातारी कन्नडमध्ये बोलत होती आणि मध्येमध्ये रडत होती.

"सुनंनं फोटो दाखवला रे. किती वर्षं साकडं घातलं मी, या पोराच्या हातून काही सेवा घडू दे म्हणून. आता मी मेले तरी चालेल."

"अव्वा, ऐक तरी. मी इथं कामाला..."

"हेच काम. मन लावून कर. एकशेआठ पुऱ्या केल्याशिवाय बूड टेकू नकोस. आणि एक दिवस करून सोडायचं नसतं. कार्तिक पौर्णिमेपर्यंत रोज घाल. घालशील ना?"

सगळी रांग चालता चालता कान देऊन ऐकत होती. साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, पूर्वेच्या भिंतीकडं पाहिलं.

"घालतो, अव्वा," ते म्हणाले.

दहा वाजता बाहेर जेसीबीची घरघर वाढली आणि रस्त्यानं लांब लांब जात विरून गेली. यल्लाप्पा शब्दाचा पक्का होता.

"सर," साहेब पुढच्या फेरीला दमलेल्या आवाजात म्हणाले, "नोटिशीवर काहीतरी शेरा तर मारायला पाहिजे. मी रोज इथं फिरणार आणि भिंत पाडायचा हुकूमही मीच देणार, हे दिसायला कसं दिसतं?"

"फार वाईट दिसतं," चिंतामणी सर म्हणाले. "लिहून घ्या. स्थळी व्रतानुष्ठान चालू असल्याने..."

"मोठं नको. एका ओळीत."

एका ओळीत लिहिणं सरांच्या स्वभावात नव्हतं, पण गावासाठी त्यांनी तेवढा त्याग केला. रुक्माबाईंनी पाठ वाकवली, साहेबांनी पाठीवर कागद ठेवला आणि चालता चालताच लिहिलं: कारवाई कार्तिक पौर्णिमेपर्यंत तहकूब. खाली सही, शिक्का, तारीख.

"वाचून दावा," वाकलेल्या रुक्माबाई म्हणाल्या. "बाईंना ऐकू जाऊ द्या."

साहेबांनी वाचून दाखवलं. पद्मजाबाईंनी ती फेरी पुरी केली, तेरड्याचं फूल बुंध्याशी ठेवलं आणि थांबल्या. मागची सगळी रांग थांबली. साहेबांनी हुश्श केलं आणि ते पारावर बसले. तळपाय लाल झाले होते. त्यांनी एक मोजा चढवला, तोच फोन पुन्हा वाजला.

"झाल्या का रे एकशेआठ?"

"झाल्या, अव्वा. आत्ताच झाल्या."

मग म्हातारी म्हणाली, "अंगावर पाणी न घेता अंघोळ झाली म्हणून सांगणारा तू. तुझं राहू दे. फोटोत पुढं चालल्यात ना, त्या बाईंना दे फोन."

साहेबांनी फोनवर हात दाबला आणि पद्मजाबाईंजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "अक्का, एकशेआठ झाल्या म्हणा. एवढं एकच. तुमच्या कागदावर मी सही दिली की नाही? माझं एवढं ऐका. हो म्हणायला तुमचं काय जातंय?"

तेही खरं होतं. काही जात नव्हतं. शेरा झाला होता, शिक्का झाला होता, माणूस दमला होता आणि वाईट नव्हता. रुक्माबाई, चिंतामणी सर, बायका, म्हातारी माणसं, सगळी पद्मजाबाईंच्या तोंडाकडं बघत होती. "बरं" येऊन ओठांवर बसलाच होता.

पद्मजाबाईंनी पदरानं ओठ पुसले. फोन कानाला लावला. त्यांचं माहेर गोकाकजवळ घटप्रभेकाठचं होतं हे गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

"तोंबत्तोंद आग्याव री, अव्वा," त्या दिवसाचं पहिलं वाक्य त्या स्वच्छ गोकाकी कन्नडमध्ये बोलल्या. "इन्ना हदिनेळ अदाव."

एक्याण्णव झाल्यात. अजून सतरा आहेत.

पलीकडून म्हातारीनं काय सुनावलं ते स्पीकर नसतानाही पारापर्यंत ऐकू आलं. साहेबांनी फोन परत घेतला. खाली वाकून मोजा उतरवला आणि फरशीवर पाय ठेवला.

पद्मजाबाई पारावर टेकल्या, दोन्ही पाय लांब केले आणि गुडघ्यावरून हात फिरवला.

"चाला साहेब, मी मोजते," त्या आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या. "आणि सावकाश. कार्तिक पौर्णिमेपर्यंत वेळ आहे आपल्याला."